तुपाला भाव नसेल, तर लोणी विकता आले पाहिजे



इथेनॉलचा विषय निघाला, की गटसभेत कुणीतरी उठून म्हणतोच, "साखरेत काय राहिलंय आता? सगळा ऊस इंधनालाच लावा की!" उत्साह चांगला आहे. परंतु या बाबतीत न्यूझीलंडचा अनुभव ध्यानात घेण्यासारखा आहे.

१९७० नंतर खनिज तेल भडकले, तेव्हा त्या देशाची मोठी ओढाताण झाली. मात्र तारानाकी भागात माउई नावाच्या समुद्रातल्या क्षेत्रात नैसर्गिक वायू मुबलक होता. सरकारने मोबिल कंपनीला सोबत घेऊन मोटुनुई येथे कारखाना उभारला. आधी वायूचे मिथेनॉल करायचे, मग ते झिओलाइट या उत्प्रेरकावरून नेऊन त्याचे पेट्रोल करायचे. म्हणजे दुधाचे लोणी आणि लोण्याचे तूप! १९८५ साली उत्पादन सुरू झाले. देशाच्या गरजेच्या सुमारे एक तृतीयांश पेट्रोल तिथे होऊ लागले. त्यात गंधक जवळजवळ नाही, म्हणून माल स्वच्छ. तंत्रात कसलीही खोट नव्हती.

पण १९८६ साली जगात तेलाचे भाव कोसळले आणि सगळे गणितच फिरले. बोजा सरकारवर, म्हणजे अखेर जनतेवरच पडला. पुढे १९९० च्या दशकात तिथले पेट्रोल बंद झाले. तरी कारखान्याला कुलूप लागले नाही. का? तर मधल्या मिथेनॉलला गिऱ्हाईक होते. तुपाला भाव नव्हता, लोणी विकले गेले.

आपल्याकडे भावाबरोबर धोरणही बदलते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. मधल्या काळात कर्जाचे हप्ते काही थांबले नाहीत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की इंधनाचा प्रकल्प जरूर करावा, पण साखरेची बाजू मोडून नको. रस, मळी, इथेनॉल, प्रेसमडचा गॅस, जिथे भाव असेल तिकडे वळता आले पाहिजे. नव्या प्रकल्पाचा ठराव सभेपुढे येईल, तेव्हा नफ्याच्या आकड्याला नुसत्या टाळ्या वाजवू नका. "भाव पडला तर हप्ता कशातून फेडणार?" हे उभे राहून विचारा. उत्तर लेखी घ्या. कारण हप्ता शेवटी आपल्या उसाच्या बिलातूनच जातो.

कळावे,
आपलाच एक ऊस उत्पादक सभासद