अन्न सोडणारा माणूस आणि नाकातली नळी

२०२२ चा चातुर्मास आचार्य विद्यासागर महाराजांनी वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथे केला. अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर तेव्हा दोन पंथांच्या वादामुळे कुलूपबंदच होते. ते उघडले २०२३ च्या मार्चमध्ये. पुढच्याच वर्षी, १८ फेब्रुवारी २०२४ रोजी, छत्तीसगडमधील डोंगरगड येथे आचार्यांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला. वय ७७. आचार्यपद त्यांनी त्याआधीच सोडले होते. अखेरचे तीन दिवस अन्नपाणी नव्हते. शिरपुरातल्या अनेक घरांत त्या दिवशी चूल पेटली नसेल, पण 'त्यांना दवाखान्यात का नेले नाही', असा प्रश्न कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

हाच प्रश्न तालुक्याच्या दवाखान्यात मात्र रोज विचारला जातो. ऐंशी वर्षांची आजी, स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यावर, आठ दिवसांपासून तोंडात घास धरून ठेवते, गिळत नाही. मुलगा म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, निदान सलाईन तरी लावा.' सून म्हणते, 'नाकातून नळी टाका, उपाशी कसं मारायचं?' दोघांचेही मन खरे असते. तरीही नळीने आजीचे भले होईल असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. प्रगत स्मृतिभ्रंशात नळीने अन्न दिल्यास आयुष्य वाढते असा पुरावा नाही. नळी उपटू नये म्हणून हात बांधावे लागतात, अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका टळत नाही. चमच्याने, बसवून, घाई न करता जेवढे जाईल तेवढे भरवावे, हा सल्ला अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांची संघटनाही देते. मरणाच्या वाटेवरचे शरीर भूक स्वतःच कमी करते. अन्न थांबल्यावर रक्तात वाढणारे कीटोन भूक आणखी दाबतात. ओठ कोरडे पडणे हा त्रास खरा असतो, पण त्यावर उपाय ओल्या कापसाचा आहे, सलाईनच्या बाटलीचा नाही.

धार्मिक निर्धाराने अन्न सोडणे आणि आजाराने अन्न सुटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पण दोन्हीकडे समाजापुढचा प्रश्न सारखाच आहे: उपचार नको म्हणण्याचा अधिकार कुणाचा, आणि तो ओळखायचा कसा?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६ साली मुंबईत औषध, अन्न, पाणी थांबवून २६ फेब्रुवारीला प्राण सोडला. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, औषध आणि अन्नपाणी नाकारले. १५ तारखेला ते गेले. कुणी जबरदस्तीने नळी टाकली नाही. उलट मणिपूरच्या इरोम शर्मिला यांना २००० पासून २०१६ पर्यंत नाकातल्या नळीने जगवण्यात आले, कारण त्यांचे उपोषण मरण्यासाठी नव्हते, मागणीसाठी होते. नळी तीच, पण एका ठिकाणी ती कुणी पुढे केली नाही आणि दुसऱ्या ठिकाणी सरकारने सोडली नाही. हा फरक यंत्राने केला नाही, माणसांनी केला.

राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा म्हणजे आत्महत्या, असा निर्णय दिला. देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने निर्णयाला स्थगिती दिली. न्यायालयात जे व्हायचे ते होवो. पण सल्लेखनेच्या मूळ अटी डॉक्टरांनीही एकदा पाहण्यासारख्या आहेत. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ती संकट, दुष्काळ, वार्धक्य किंवा ज्याला इलाज उरला नाही असा रोग, एवढ्याच प्रसंगी सांगितली आहे. इलाज उरला नाही, हे शब्द महत्त्वाचे. तत्त्वार्थसूत्रात तर मरणाची इच्छा धरणे हाच या व्रतातला दोष मानला आहे. जगण्याची आसक्तीही दोषच. म्हणजे मरावेसे वाटते म्हणून जेवण सोडणारा त्या परंपरेच्या कसोटीलाच उतरत नाही.

वॉर्डातील कसोटीही याहून फार वेगळी नसावी. जेवण सोडलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला 'आता त्यांची वेळ आली' म्हणून सोडून देणे हा गुन्हाच होईल. तोंडातले छाले, न बसणारी कवळी, आठवड्याची बद्धकोष्ठता, क्षयरोग, मेटफॉर्मिन किंवा डिगॉक्सिनसारखे औषध, आणि सगळ्यांत जास्त चुकणारे निदान म्हणजे नैराश्य. नवरा गेलेली, शेत वाटून दिलेली, पोरांकडे चार-चार महिने राहणारी बाई 'मला नको' म्हणते तेव्हा ते वैराग्य आहे की कुणावर भार नको ही भीती, हे विचारायला दहा मिनिटे लागतात. तेही नातेवाईकांना बाहेर बसवून. गर्दीच्या ओपीडीत ती दहा मिनिटे सहसा सापडत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

आणि संमती ही ज्याची त्यानेच द्यायची असते. हैदराबादमध्ये २०१६ साली १३ वर्षांच्या मुलीचा ६८ दिवसांच्या उपवासानंतर मृत्यू झाला. इंदूरमध्ये २०२५ साली मेंदूत गाठ असलेल्या तीन वर्षांच्या मुलीला संथारा देण्यात आला. तीन वर्षांच्या बाळाला व्रत कळत नाही. त्या बाळाला वेदनाशामक औषध, कुशीत घेणारी आई आणि नको तेवढ्या यंत्रांपासून सुटका हवी होती असे म्हणता येईल. पण त्याला व्रत म्हणणे म्हणजे मोठ्यांचा निर्णय मुलाच्या नावावर टाकणे आहे. श्रद्धेचा मान राखूनही हे स्पष्ट बोलले पाहिजे.

व्हेंटिलेटर जन्माला आला तेव्हा हा गुंता नव्हता. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत मुलांना श्वास देत होते. पिशवी कुणासाठी दाबायची हे उघड होते: जो बरा होऊ शकतो त्याच्यासाठी. पुढे यंत्र आले, न थकणारे, आणि थांबण्याचा प्रश्न तिथून सुरू झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरपासून १८ मे २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. त्यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः मोकळी केली, पण त्यांच्यासाठी मात्र ती नाकारली, कारण त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या सिस्टर्सना ते नको होते. निर्णय कुणाचा, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे नाही.

९ मार्च २०१८ च्या निकालाने जिवंतपणीच उपचारांविषयी इच्छापत्र करता येऊ लागले. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खेटे नकोत. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर ही इच्छापत्रे सांभाळण्यासाठी महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अधिकारीही नेमले गेले. कागदावर हे चांगले आहे. परंतु उपचार थांबवण्यासाठी उपचार करणारा डॉक्टर व पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ, मग तिघांचे दुसरे मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. मुंबईत हे जमेल. वाशिम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे २०२४ साली सुरू झाले. अशा ठिकाणी एका रुग्णासाठी रात्रीतून सहा जाणती माणसे कुठून जमवायची?

म्हणून खरा निर्णय भलत्याच कागदावर होतो. 'आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत', खाली अंगठा. डॉक्टर कायद्याच्या भीतीतून सुटतो, कुटुंब बिलातून सुटते. सुटत नाही तो रुग्ण: रुग्णवाहिकेत अंबू बॅग दाबत गावाच्या वेशीपर्यंत नेलेला, घरी ना मॉर्फिन, ना धाप कमी करणारे काही, ना कुणी बघायला येणारे. ज्याला साधूच्या मृत्यूत शांती दिसली तोच माणूस आपल्या बापाचा मृत्यू गुदमरताना पाहतो.

२०१४ साली अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले. गोळी महाग नाही. तिला मान्यता मिळालेला दवाखाना लागतो, ती लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर लागतो आणि आठवड्यातून एकदा घरी जाणारी नर्स लागते. यासाठी नवी यंत्रसामग्री नको. गावच्या आरोग्यसेविकेला आणि आशाताईंना घरोघरचे खाटेवरचे रुग्ण नावानिशी माहीत असतात. त्यांच्या वहीत गरोदर मातांसाठी रकाना आहे, या माणसांसाठीही एक आखता येईल.