कुपोषण ताटातले आणि आतड्यातलेही

घर एक, आई एक, आहारही सारखाच. तरीही जुळ्यांपैकी एक बाळ सुदृढ राहते आणि दुसरे कुपोषित होते. असे का? आफ्रिकेतील मलावी देशात ३१७ जुळ्यांच्या जोड्यांवर वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत लक्ष ठेवण्यात आले. त्यातील ४३ टक्के जोड्यांत एकच बाळ तीव्र कुपोषित झाले. २०१३ मध्ये ‘सायन्स’ने प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात त्याचा एक धागा आतड्यातील जीवाणूंपर्यंत पोहोचला.

सुजेच्या कुपोषणाने (क्वाशिओरकोर) आजारी बाळाच्या विष्ठेतील जीवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले आणि त्यांना मलावीतील आहार दिला, तेव्हा त्यांचे वजन झपाट्याने घटले. म्हणजे निकृष्ट आहार आणि बिघडलेले जीवाणू यांची जोडगोळी घातक ठरते. शेंगदाण्याच्या पौष्टिक पेस्टने बाळांचे जीवाणू सुधारले. पण ती बंद होताच सुधारणा ओसरली.

पुढे बांगलादेशात हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे व कच्ची केळी यांचा, जीवाणूंना पोसणारा आहार तयार झाला. २०२१ च्या चाचणीत, उष्मांक कमी असूनही, प्रचलित पूरक आहारापेक्षा त्याने मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले.

मेळघाट, नंदुरबारसाठी यातला धडा मोलाचा आहे. अंगणवाडीतील आहारात उष्मांक आणि प्रथिने मोजली जातात. ते हवेतच, पण बाळाच्या पोटातले जीवाणू वयानुसार वाढले का, हेही पाहायला हवे. नाहीतर वाढलेले वजन टिकण्याची खात्री नाही.