दोन सौद्यांचा हिशेब

गेल्या जानेवारीत मी करासाठी कागद जुळवत बसलो होतो. बायकोने एक प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला. "बघ, जाहिरातीचे पैसे वसूल झाले!"

माझी बायको इथे न्यू जर्सीत रिअल इस्टेट एजंट आहे. डिपेंडंट व्हिसावर काही वर्षं घरात बसून काढली, मग ग्रीन कार्ड आलं, तिने परीक्षा देऊन लायसन्स घेतलं. त्यामुळे हा धंदा आमच्या घरात नुसता पैशांचा विषय नाही. मी त्यावर जपूनच बोलतो. पण पडलो इंजिनीअर. आकडा दिसला की तो आला कुठून, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

तिची जाहिरात गूगलवर असते. कोणी 'एडिसनमध्ये घर' असं काही शोधलं की वरच्या बाजूला तिची जाहिरात दिसते. नुसती दिसली तर पैसे नाहीत, कोणी क्लिक केलं तरच. प्रत्येक शोधाला तिथल्या तिथे लिलाव होतो आणि त्यात बाकीचे एजंट, मोठी पोर्टल्स, सगळेच बोली लावून बसलेले असतात.

तिचा हिशेब असा. एका क्लिकला सरासरी ३ डॉलर. महिन्याला ६०० डॉलर, म्हणजे २०० क्लिक. शंभरात चार जण फॉर्म भरतात, म्हणजे महिन्याला ८ नावं. वर्षाचा खर्च ७,२०० डॉलर, नावं ९६, त्यातून सौदे दोन. घर साधारण ५ लाखांचं, तिच्या बाजूचं कमिशन अडीच टक्के, म्हणजे १२,५०० डॉलर. इथे एजंटला ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं, त्याचे ३० टक्के गेले की हातात ८,७५०. दोन सौद्यांचे १७,५००. खर्च वजा जाता १०,३०० डॉलर नफा.

मी विचारलं, "हे दोघं कोण?"

पहिलं गिऱ्हाईक खरोखरच अनोळखी होतं. दुसरे गृहस्थ तिला मराठी मंडळाच्या गणपतीत भेटले होते. तिने दिलेलं कार्ड त्यांनी हरवलं, मग गूगलवर तिचं नाव टाकलं आणि सगळ्यात वर दिसलं त्यावर क्लिक केलं. ती होती जाहिरात. आता सांगा, हे गृहस्थ जाहिरातीमुळे आले की मोदकामुळे?

ते काढून टाकले तर उरतात ८,७५० डॉलर, खर्च ७,२००. नफा १,५५०. आणि ज्या ९४ जणांनी घर घेतलंच नाही, त्यांना रात्री जेवण बाजूला ठेवून केलेले फोन कुठल्या खात्यात धरायचे?

ही गंमत फक्त आमच्याच घरातली नाही. ईबेने २०१२ मध्ये स्वतःच्या नावाच्या शोधावरच्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. जाहिरातीवरचे क्लिक गेले, पण जवळजवळ तेवढेच लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. जाहिरातीवर क्लिक करून आलेला माणूस आणि जाहिरातीमुळे आलेला माणूस, हे दोन वेगळे. पैसे खरे वसूल होतात ते फक्त दुसऱ्याकडून.

बायकोला हे पटलं नाही. "ईबेला सगळं जग ओळखतं. मला कोण ओळखतं? माझी जाहिरात नसेल तर माझ्याच नावावर दुसरा कोणी येऊन बसेल." मुद्दा बिनतोड होता. मग वाद घालण्याऐवजी नावावरची जाहिरात सहा आठवडे बंद ठेवून पाहिली. नाव शोधून येणारे फोन आधीइतकेच येत राहिले. ती जाहिरात बंद झाली ती झालीच.

बाकीच्या जाहिरातीचं मोजमाप जास्त अवघड. गूगल एखाद्या क्लिकचं श्रेय जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत धरतं. घर घेणारा माणूस आज क्लिक करतो, मुलांची शाळा संपायची वाट बघतो आणि पुढच्या वर्षी सही करतो. त्यामुळे गूगलचा तक्ता दाखवतो ते मुख्यतः फॉर्म. फॉर्मवर घरखर्च चालत नाही.

शिवाय सौदे इतके थोडे, की नशीबच बोलतं. सरासरीने वर्षाला दोन सौदे देणारी चांगली जाहिरात धरली, तरी साधारण सात वर्षांतून एका वर्षी ती एकही सौदा देणार नाही. त्या वर्षी ती बंद करणारा एजंट चुकतो, आणि एखाद्या वर्षी चार सौदे आले म्हणून बजेट दुप्पट करणाराही.

म्हणून आम्ही मधला टप्पा मोजायचं ठरवलं. एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने कोर्टात केलेल्या तडजोडीमुळे ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराला घर दाखवण्याआधी लेखी करार करावा लागतो. सही करणारा माणूस नुसता चौकशी करणारा नसतो, आणि सह्या सौद्यांपेक्षा जास्त असतात. मग साधारण सारख्या गावांच्या चार जोड्या केल्या, प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवलं आणि एका गावात जाहिरात चालू, दुसऱ्यात बंद. पिन कोडनुसार निवड करता येत नाही, कारण अमेरिकेत घरांच्या जाहिरातींसाठी गूगलने २०२० पासून ती बंद केली आहे. गावानुसार करता येते.

सहा महिन्यांनी चालू गावांतून ७ करार, बंद गावांतून ४. बायको खूश. मी म्हणालो, "नाणं अकरा वेळा उडवलं तरी ७-४ सहज पडतं." त्या रात्री आमच्याकडे जेवताना फारसं कोणी बोललं नाही.

पण माझं मत तेच आहे. क्लिक विकणाऱ्याच्या तक्त्यावरून क्लिक परवडतात का हे ठरवू नये. वजन करणारा आणि माल विकणारा एकच असला की आपली आईसुद्धा भाजीवाल्याच्या काट्याकडे टक लावून बघायची. तिकडे पुण्यामुंबईत तुमच्या ओळखीचा कोणी एजंट क्लिकचे पैसे मोजत असेल, तर त्याला एक वही घ्यायला सांगा. प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत विचारायचं, "माझं नाव पहिल्यांदा कुठे ऐकलंत?" आणि तारीख घालून लिहायचं.

आमचा प्रयोग अजून चालू आहे, निम्म्या खर्चात. वही बायकोकडे असते. परवा सहज उघडून पाहिली, तर 'कुठे ऐकलंत'च्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द होता 'गणपती'. ते तिने मला आपणहून सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही.