घड वणीचा, शिक्का रॉटरडॅमचा

वणी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सप्तशृंगीचा गड, वीकेंडची बाइक राइड आणि वाटेवरचा कटिंग. पण कधी जानेवारी ते एप्रिलच्या सीझनमध्ये गेलात, तर जरा रस्त्याच्या बाजूलाही बघा. दिंडोरी तालुक्यातल्या या बागांमधली कितीतरी द्राक्षं तुमच्या-आमच्याआधी फॉरेन रिटर्न होतात, बॉस! फक्त ती रिटर्न येऊ नयेत, हीच सगळ्यांची प्रार्थना असते.

कारण नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरायचं तर कागदपत्रं आपल्या व्हिसापेक्षा कमी नाहीत. आधी बागेची निर्यातीसाठी नोंदणी. काढणीपूर्वी लॅबमध्ये तपासणी, फवारलेल्या औषधांचा अंश किती उरलाय त्याची. मग पॅकहाउस, अ‍ॅगमार्क, रोग-कीड नसल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग. ताज्या द्राक्षांचा कस्टम्स कोड ०८०६१०. माल न्हावा शेवाला बोटीवर चढताना हेच ६ आकडे आणि तिकडे उतरतानाही हेच. तिथला आयातदार हा गठ्ठा दाखवतो, तेव्हा कुठे माल सुटतो.

एवढा जामानिमा आला कुठून? २००३ मध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले आणि युरोपात धोक्याची घंटा वाजली. त्यानंतर २००६ मध्ये 'अपेडा'नं 'ग्रेपनेट' सुरू केलं. ग्रेपनेटवरच्या नंबरवरून द्राक्षं कुठल्या बागेतली, हे शोधता येऊ लागलं. सिस्टिम एकदम झक्कास!

आणि तरीही २०१० उजाडलं. लॅबचे रिपोर्ट क्लीन, सह्या-शिक्के जागच्या जागी. पण युरोपात पुन्हा तपासणी झाली आणि क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. शेतकऱ्यांच्या भाषेत 'लिहोसिन'. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला सर्रास वापरलं जाणारं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टन द्राक्षांत अवघा १ ग्रॅम! कंटेनर बंदरात अडकले. आधी निर्यातदाराचे पैसे थांबले, मग वर्षभर बाग सांभाळणाऱ्या शेतकऱ्याचे. द्राक्षं काही फाइल नव्हेत, पुढच्या सोमवारपर्यंत थांबायला.

मग लॅब खोटं बोलली होती का? मुळीच नाही. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतंच! कुणी विचारलंच नाही, तर रिपोर्ट सांगणार तरी काय? पुढे ते यादीत आलं, पण त्या सीझनचं नुकसान काही भरून आलं नाही.

आपण कागदपत्रांना दोन प्रकारे वैतागतो. एक तर 'कशाला एवढे फॉर्म' म्हणून, नाहीतर 'सगळे टिक केलेत, आता माझी जबाबदारी संपली' म्हणून. वणीच्या शेतकऱ्याला यातलं काहीच परवडत नाही. समुद्रापलीकडचा माणूस त्याची बाग बघायला येत नाही, त्याच्यासाठी कागद हीच बाग. पण कागद फक्त विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो.

तेव्हा उद्या ऑफिसात एखादी चेकलिस्ट समोर आली, तर टिक करायच्या आधी एकच विचारा: ही यादी शेवटची अपडेट कधी केली होती? बॉस वैतागेल कदाचित. पण कंटेनर अडकण्यापेक्षा ते स्वस्त पडेल!