सरड्याचा रंग काय सांगतो?

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हा सरडा आता अमेरिका आणि युरोपात लोकप्रिय पाळीव प्राणी झाला आहे. त्याच्या पोटावर काळसर रेघा दिसल्या की काही जण घाबरतात, तर काही जण ‘सरडा रंग बदलणारच’ म्हणून दुर्लक्ष करतात. दोन्ही टोके चुकीची आहेत.

सरडा शरीर तापवण्यासाठी बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असतो. गडद त्वचा उष्णता जास्त शोषते. म्हणून सकाळी काळपट दिसणारी पाठ ऊब मिळाली की उजळते. गळ्याची ‘दाढी’ काळी होते ती मुख्यतः धमकावताना किंवा घाबरल्यावर. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हाच फरक दाखवून दिला: तापमानासाठी पाठ, संवादासाठी गळा.

पोटावरच्या रेघा बहुधा ताणाच्या असतात. नवी जागा, शेजारी दुसरा सरडा किंवा काचेत दिसणारे स्वतःचेच प्रतिबिंब एवढेही कारण पुरते. अशा रेघा काही तासांत किंवा दिवसांत जातात. त्या टिकून राहिल्या तर आधी थर्मामीटर पाहावा. ऊन खाण्याची जागा साधारण ४० अंश सेल्सिअस हवी. मग अतिनील दिवा तपासावा. तो डोळ्यांना पेटलेला दिसतो, पण त्यातील उपयुक्त किरण आधीच क्षीण झालेले असू शकतात. ते नसतील तर ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे ठिसूळ होतात.

रंगासोबत भूक मंदावली किंवा सुस्ती आली, तर पशुवैद्य गाठावा.