भ्यायचं ते काकांना!

भूतखेत या जमातीशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या कोकणात असं वैर करून चालतही नाही. तिथे माणसांपेक्षा भुतांचीच वस्ती दाट. कारण ती मुंबईला नोकरीसाठी जात नाहीत. पिंपळावर मुंजा, पाण्यात गिऱ्हा, आडवाटेला चकवा, वेशीवर देवचार, असे सगळ्यांचे पत्ते ठरलेले. लहानपणी रात्री मागीलदारी जायचं म्हणजे वाटेत दोनतीन ओळखीची भुतं लागायचीच. पण त्यांतल्या एकानंही कधी तिकीट मागितलं नाही. फार तर एखादा नारळ, फारच रागावलं तर कोंबडा.

माझं भांडण आहे ते भुतांच्या दलालांशी. हल्ली जगातल्या कुठल्याही जुन्या शहरात जा. दिवेलागण झाली की काळा झगा घातलेला एक इसम चौकात उभा राहतो, पंधरावीस गिऱ्हाइकं गोळा करतो आणि भुतं दाखवतो म्हणून त्यांना बोळाबोळांतून हिंडवतो. (गिऱ्हा आणि गिऱ्हाईक हे शब्द एकमेकांच्या इतके जवळ का, याचा उलगडा मला अशाच एका चौकात झाला.) याला म्हणतात 'घोस्ट वॉक'. इंग्लंडातल्या यॉर्क गावी १९७३ पासून अशी फेरी निघते. आणि स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा इथे तर हा धंदा इतका फोफावलाय की रात्री एका झग्याची फेरी दुसऱ्या झग्याच्या फेरीत अडकते. भुतांना बिचाऱ्यांना पाय टाकायला जागा नाही.

आता तुम्ही म्हणाल, असेना का धंदा, तुमचं काय जातं? तिकिटाचे पैसे तर गेलेच. आमचा भाचा तिथे शिकायला आहे. "मामा, हे केल्याशिवाय एडिंबरा पाहिलं असं म्हणताच येत नाही," असं सांगून त्यानं आम्हा उभयतांना त्या झग्यासमोर नेऊन उभं केलं. पौंडांचे रुपये करायचे नाहीत, अशी सौभाग्यवतीची सक्त ताकीद होती, म्हणून मी ते मनातल्या मनात केले. अंगावर पहिला काटा तिथेच आला. पुढे दोन तासांत एकाही भुताला ती उंची गाठता आली नाही.

पण पैशाचं सोडा. त्या दोन तासांत आणखीही काहीतरी जातं. काय जातं, ते सांगतो.

फेरी निघाली किल्ल्याजवळून. वर किल्ला, खाली राजवाडा, त्यांना जोडणारा 'रॉयल माइल' हा रस्ता, दोन्ही अंगांना उंच दगडी इमारती आणि त्यांच्या फटींतून उतरणारे अरुंद बोळ. आमच्या पेठांत वाढलेला माणूस तिथे डोळे मिटून चालेल. वाटाड्याच्या हातात जुन्या घाटाचा कंदील होता, आत बॅटरीचा दिवा. किल्ल्याच्या तोंडाशी थांबून त्यानं आवाज खाली आणला. "इथे चेटकिणी जाळत. अजून रात्री त्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात." आणि शेजारच्या बाईंच्या कानाशी तो स्वतःच किंचाळला. सगळे दचकले, मग हसले, मग पुढे निघाले.

आता तिथे खरोखर काय झालं होतं? १५६३ ते १७३६ अशी पावणेदोनशे वर्षं स्कॉटलंडात चेटूक हा देहदंडाचा गुन्हा होता. सुमारे चार हजार माणसांवर आरोप आले. त्यांत बहुतेक बायका. त्यांना रात्रीच्या रात्री झोपू द्यायचं नाही, कबुली वदवून घ्यायची, गळा आवळायचा आणि मग जाळायचं, अशी रीत. २०२२ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी या सगळ्यांची जाहीर माफी मागितली. म्हणजे उशिरा का होईना, सरकारच्याही ध्यानात आलं की या चेटकिणी नव्हत्याच. वाटाड्याला मात्र त्या चेटकिणीच हव्या होत्या. त्याचं पोटच त्यांच्यावर! आणि मला विचाराल तर किंकाळीपेक्षा चमत्कारिक गोष्ट वेगळीच आहे. आरोप करणारे शेजारी, कबुली घेणारे पाद्री, सही करणारे न्यायाधीश, यांच्यापैकी एकाचंही भूत तिथे हिंडत नाही. सगळे कसे गाढ झोपलेत.

तिथून आम्हाला साउथ ब्रिजखाली नेलं. हा पूल १७८८ साली झाला. कमानी एकोणीस, पण त्यांतली एकच आज उघडी दिसते. बाकीच्या इमारतींच्या पोटात गेल्या. कमानींखालच्या तळघरांत आधी चांभार, दारूवाले, व्यापारी होते. छतातून पाणी झिरपायला लागलं तेव्हा ते निघून गेले आणि ज्यांना दुसरीकडे कुठेच थारा नव्हता ती माणसं तिथे राहायला आली. ना खिडकी, ना उजेड, ना मोरी. वाटाड्या कुजबुजला, "गार वाटतंय ना? ते आत्म्यांमुळे!" सौभाग्यवतीनं भिंतीला हात लावून पाहिला आणि मला म्हणाली, "अहो, ओल आहे ही! आपल्या दादरच्या खोलीत होती ना, अगदी तश्शी. तिथे कुणाचा आत्मा होता?"

"घरमालकाचा," मी म्हणालो.

विनोद म्हणून बोललो खरा, पण माझं सगळं म्हणणं त्या एका शब्दात आहे. त्या अंधाऱ्या ओलीत पोराबाळांसह माणसं राहत होती आणि कुणीतरी त्यांच्याकडून भाडं घेत होतं. फेरीत पोरांची भुतं आहेत. भाडं घेणारा नाही.

मग आले बर्क आणि हेअर. त्यांच्यावाचून एडिंबराची रात्र होत नाही. एका खानावळवजा घरात एक म्हातारा भाडेकरू आपल्या मरणानं मेला; त्याच्याकडे चार पौंड थकले होते. या दोघांनी त्याचं प्रेत डॉक्टर नॉक्स नावाच्या शरीरशास्त्राच्या शिक्षकाकडे नेलं तर साडेसात पौंड मिळाले. हिशोब जमला. मग माणूस आपण होऊन मरायची वाट कशाला पाहा? १८२८ साल संपायच्या आत त्यांनी सोळा माणसं मारली आणि विकली. १८२९ च्या जानेवारीत बर्क फाशी गेला. त्याचा सांगाडा तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. वाटाड्यानं हे सांगितलं आणि पावलांचा आवाज काढायला सुरुवात केली. तेवढ्यात सौभाग्यवतीनं भाच्याला कोपरानं ढोसलं. "अरे, त्याला विचार, त्या डॉक्टराचं काय झालं?"

भाच्यानं विचारलं. वाटाड्या अतिशय अदबीनं म्हणाला, "बाईसाहेब, ते इतिहासात येतं. इतिहासाची फेरी सकाळी असते. तिचं तिकीट वेगळं."

तर मंडळी, उत्तर मी फुकट देतो. डॉक्टरावर खटलाच झाला नाही. आणि १८३२ साली इंग्रज पार्लमेंटानं कायदा केला, की अनाथालयात, इस्पितळात जे बेवारशी मरतील त्यांची प्रेतं डॉक्टरांना चिरफाडीसाठी देता येतील. झालं! खून करायचं कारणच उरलं नाही. ज्या थरातली माणसं बर्क गाठत होता, त्याच थरातली माणसं आता सहीशिक्क्यानिशी मिळू लागली. अंगावर काटा यायचा तर या गोष्टीनं यावा. पण ती पडली सकाळच्या फेरीतली.

शेवटचा मुक्काम ग्रेफ्रायर्सची दफनभूमी. इथे १६७९ साली बंडात पकडलेली सुमारे बाराशे माणसं कोंडून ठेवली होती. राजानं सांगितला तो धर्माचार मानायचा नाही, एवढाच त्यांचा हट्ट. उघड्या आभाळाखाली महिन्यामागून महिने गेले. काही मेली, काहींनी शपथ घेऊन सुटका करून घेतली. उरलेल्या २५७ जणांना समुद्रापार मजुरीसाठी धाडायला जहाजात भरलं आणि त्या डिसेंबरात ऑर्कनी बेटांपाशी जहाज फुटलं. दोनशेच्या आसपास माणसं बुडाली. या पंथाच्या लोकांमागे हात धुऊन लागलेला सरकारी वकील म्हणजे सर जॉर्ज मॅकेंझी. लोक त्याला 'रक्तपिपासू मॅकेंझी' म्हणत. १६९१ साली तो वारला आणि याच दफनभूमीत ऐटदार घुमटाखाली पुरला गेला. त्याचं म्हणे भूत आहे.

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी छळणारा भूत झाला! पण झाला तो कसा? तर खोडकर पोरासारखा. १९९८ पासून त्याची ख्याती वाढली ती पर्यटकांना ओरखडे काढण्याबद्दल. कुणाला ढकलतो, कुणाला घेरी आणतो. आमच्यातल्या एका गृहस्थांनी मनगटावरचा ओरखडा सगळ्यांना कौतुकानं दाखवला. बाराशे माणसांचा प्रश्न असा एका ओरखड्यावर मिटला.

सगळ्या भूतकथांचा कायदा हा असा आहे. जो मारला गेला त्यानं भूत व्हायचं, जिवंत माणसांनी त्याच्याच नावानं कापायचं आणि ज्यानं मारलं त्यानं गोष्टीतून अलगद निसटायचं. हा कायदा काही इंग्रजांनी आणला नाही. आपली अळवंत पाहा. अळवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. जिवंतपणी तिला वैद्य मिळाला नाही की विसावा मिळाला नाही. मेल्यावर मात्र ती परत येऊ नये म्हणून उंबऱ्यात खिळा ठोकायला माणूस ताबडतोब मिळाला! आपल्या भुतांची यादी नीट वाचली तर ती अन्यायांची नोंदवही निघेल. आपण ती वाचत नाही, रामरक्षा म्हणतो.

आणि शनिवारवाडा? ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला गारद्यांनी वाड्यात कापून काढलं. अमावस्या-पौर्णिमेला तिथे "काका, मला वाचवा" अशी हाक ऐकू येते म्हणतात आणि धट्टीकट्टी माणसं ती सांगताना इकडेतिकडे पाहून घेतात. अहो, भिता कुणाला? त्या पोराला? त्यानं कुणाचं काय केलं? पळायचं तर काकांपासून पळा! रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, राघोबादादांना दोषी ठरवलं आणि असल्या धन्याची चाकरी नको म्हणून पुणं सोडलं. राघोबादादा पुढे इंग्रजांकडे गेले, १७७५ साली सुरतेचा तह करून बसले आणि त्यापायी इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध उभं राहिलं. शेवटी १७८३ साली कोपरगावला वारले. त्यांचं भूत कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही. रामशास्त्र्यांचंही नाही, आणि ते दिसतं तर पुष्कळांची सोय झाली असती.

लोक म्हणतात, "घटकाभर करमणूक आहे हो, एवढं काय मनावर घेता? भुतांच्या निमित्तानं चार माणसं इतिहासापाशी येतात तरी!" येतात ना. पण तिथून त्यांना किंचाळून परत पाठवतात. आणि लोकांना किंकाळीच हवी असते, हेही मला मान्य नाही. त्याच शहरात 'मेरी किंग्ज क्लोज' नावाची गाडली गेलेली गल्ली आहे. १६४५ च्या प्लेगात तिथे माणसं पटापट मेली. १९९२ साली अतींद्रिय दृष्टी असल्याचं सांगणाऱ्या एका जपानी बाईंना तिथे एक छोटी मुलगी रडताना जाणवली. तिची बाहुली हरवली होती म्हणे. तेव्हापासून जगभरचे लोक तिथे बाहुल्या आणून ठेवतात. मुलगी होती की नव्हती, देव जाणे. पण पोर रडतंय म्हटल्यावर माणसं पळाली नाहीत, बाहुली घेऊन आली. गिऱ्हाइकाची जात अशी भली आहे. दलालाला तिची किंमत कळत नाही, एवढंच.

म्हणून मी आपला एक बेत सुचवतो. भुतांच्या फेऱ्या बंद करा असं म्हणत नाही; फक्त रस्ता बदला. 'काका-फेरी' काढा. बोळातल्या अंधारात उभं न करता लोकांना नॉक्स कुठे शिकवत होता, भाडं कोण घेत होतं, सही कुठल्या मेजावर झाली, ते दाखवा. कंदील नको, चांगला लख्ख दिवा घ्या. आणि डॉक्टराचं काय झालं असं एखाद्या बाईनं विचारलं तर त्याच तिकिटात सांगा. पुण्याची फेरी कोपरगावपर्यंत न्यावी लागेल, पण त्याला एसटी आहे. वाटेत चहा घ्यावा. कुणाला भीती वाटलीच तर वाटू द्यावी. निदान ती योग्य माणसाची तरी असेल.