वकील कोणाचा?

भंडाऱ्याच्या न्यायालयाच्या आवारात एका बाईने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तिच्या खटल्यात सरकारतर्फे लढलेले वकील काही वर्षांनी एका मुलीच्या खटल्यात आरोपीतर्फे उभे होते. "ताई, हे वकीलसाहेब तं आपले होते ना? आता त्यायच्या बाजूनं कसे काय?"

संताप मलाही आला. मुलीने तक्रार उशिरा का दिली, पोलिसांपुढचा जबाब आणि आजची साक्ष यांत फरक का, असे ते एकेक धागा उसवत होते. पूर्वी हेच धागे ते आमच्या बाईसाठी शिवत असत. कागदांत भोके कुठे असतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पण मैत्रिणींनो, संताप ओसरल्यावर विचार करायला हवा. सरकारी वकिलाची मुदत संपली की तो पुन्हा वकिली करतो. त्याच खटल्यात बाजू बदलायला वकिलांच्या नियमांची मनाई आहे, दुसऱ्या खटल्यात नाही. आणि आरोपीला आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ मध्येच आहे. खैरलांजीनंतर विदर्भात रस्त्यावर उतरलेल्या कितीतरी दलित कार्यकर्त्यांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा त्यांनाही बचावाचा वकील लागलाच.

चूक आपल्या समजुतीत आहे. सरकारी वकील 'आपला' कधीच नसतो. तो शासनाचा असतो. जिच्यावर अत्याचार झाला ती त्या खटल्यात केवळ एक साक्षीदार असते.

आपल्याच जिल्ह्यातले, मोहाडी तालुक्यातले खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. आंदोलन झाले, उज्ज्वल निकम यांच्यासारखे नामवंत विशेष सरकारी वकील मिळाले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती शिक्षा २५ वर्षांच्या कारावासावर आणली. पण जातीय अत्याचार आणि स्त्रियांची विटंबना या दोन्ही गोष्टी निकालात सिद्ध धरल्या गेल्या नाहीत. जे पहिल्या दिवसांत नीट नोंदले जात नाही, नीट तपासले जात नाही, ते न्यायालयात उभे करणे मोठ्या वकिलालाही अवघड जाते.

म्हणून आपले काम वकील उभा राहण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. तक्रार लिहिताना बाईसोबत बसा. तिचे शब्द तिच्याच भाषेत उतरले का, वाचून घ्या. वैद्यकीय तपासणीत उशीर होऊ देऊ नका. साक्षीच्या आधी तिला सरकारी वकिलाकडे घेऊन जा. अनेक बायका त्यांचे तोंड प्रथम साक्षीच्या दिवशीच पाहतात.

कायद्यानेही काही दारे उघडली आहेत. पीडितेला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. ही तरतूद २००९ च्या अखेरीस आली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्येही आहे. हा वकील उलटतपासणी घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. तरी कागद वाचणारा, हरकत कुठे घ्यायची हे सुचवणारा एक माणूस तरी तिचा असतो. अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात तर १९९५ च्या नियमांनुसार नामवंत ज्येष्ठ वकील नेमण्याची मागणी ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करू शकते. बलात्काराच्या खटल्यात चारित्र्यावर प्रश्न विचारायला मनाई आहे. मथुरेच्या खटल्यापासून आपण जे मागत होतो, त्यातलेच हे. पण हरकत घेणारे कोणी नसेल, तर मनाई कागदावरच राहते.

त्या बाईला मी एवढेच म्हटले, "ते आपले नव्हतेच. आपण आपल्या आहोत." ती म्हणाली, "मंग त्या पोरीजवळ जाऊन बसू, चला." आम्ही आत गेलो.